दूरदर्शन आणि आपली मुले
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी वाहिनी एकच. सायंकाळचे मोजके कार्यक्रम संपले की संच बंद करावाच लागे. आज प्रक्षेपणाला अंत नाही. म्हणून ती मर्यादा पालकांनीच घालावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ती दिवसाला एक तास सांगितली. अतिरेकाने झोप, खेळ आणि वाचन यांचा वेळ हिरावला जातो. सुटीहून वसतिगृहात परतलेली मुले पहिले काही दिवस अभ्यासिकेत पेंगतात, हे मी दरवर्षी पाहतो. मुलांना नुसते दटावून भागणार नाही. पालकांनी ठरल्या वेळी संच बंद करून मुलाला धडा मोठ्याने वाचावयास सांगावे. स्वतःला वाचता येत नसले, तरी ऐकता येते.