बेंगळुरूजवळ ऑलिव्हची बाग?

प्रश्न : ऑलिव्हच्या बागेत जाऊन तेलाची चव घ्यावी, हातानं काही बनवावं, अशी जागा बेंगळुरूजवळ आहे का?

उत्तर : ऑलिव्हला मोहोर धरायला चांगली थंडी लागते, बेंगळुरूचा हिवाळा त्याला पुरत नाही. आपल्याकडची मोठी लागवड राजस्थानात, बिकानेरजवळच्या लुणकरणसर भागात. चवीची हौस नंदी टेकडीच्या पायथ्याच्या वाइनरीत भागेल. हस्तकलेसाठी मात्र म्हैसूर रस्त्यावरचं लाकडी खेळण्यांचं गाव चन्नपट्टण गाठाच, जेमतेम ६० किलोमीटर. तिथं काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर गरगर फिरत असतं. त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की अशी झळाळी येते की बघत राहावं! कारागिराला विचारून एखादा भोवरा स्वतः रंगवा.