स्वातीशेजारचा तारा

मे महिन्याच्या अखेरीस, रात्री दहाच्या सुमारास, मुरुडच्या वाळूवर जो कोणी उताणा पडेल त्याच्या जवळजवळ बरोबर माथ्यावर एक मध्यम तेजाचा, पिवळसर पांढरा तारा येतो. जंजिऱ्यावरूनही तो तसाच जातो. कारण आकाशातील त्याची क्रांती व या किनाऱ्याचा अक्षांश ही दोन्ही सुमारे सव्वाअठरा अंश आहेत. अरबांनी त्यास मुफ्रिद, म्हणजे एकटा, असे नाव दिले. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढविली असता तांबूस स्वाती सापडते. हात लांब करून तिच्या पश्चिमेस तीन बोटे मोजली की मुफ्रिद आलाच. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो असे आपल्याकडे अजून सांगतात. कालवे फोडणाऱ्या बायांना तसा मोती मिळाल्याचे आम्ही मात्र कधी ऐकले नाही.

मागे एका कोळीवाड्यात आम्ही सूर्याविषयी बोलत असता एका वृद्ध तांडेलाने विचारले, "पाळकसाहेब, सूर्य जळतो म्हणता, तर त्याचे सरपण सरेल केव्हा?" प्रश्न चांगला होता व आम्ही त्याचे उत्तर अर्धवटच दिले. ते या ताऱ्यापाशी आहे.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजन वायूचे हेलियम होते व त्यातून उष्णता निघते. हे जळणे लाकडासारखे नव्हे. तरी चुलीची उपमा येथे बरी लागू पडते. मध्यभागी राख साचली म्हणजे विस्तव कडेकडेने धुमसतो, त्याप्रमाणे ताऱ्याच्या गाभ्यात हेलियमची राख साचते व आग तिच्या भोवती पेटत राहते. परंतु चुलीतील राख निमूट पडून असते, आणि ताऱ्यातील राखेवर वरच्या सर्व थरांचा भार असतो. 1942 साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर व ब्राझीलचे मारिओ शेनबर्ग यांनी गणिताने दाखविले की, ही राख ताऱ्याच्या एकंदर वस्तुमानाच्या सुमारे दहाव्या हिश्शाहून अधिक झाली की तिला तो भार पेलत नाही. मग गाभा आवळत जातो व बाहेरचे थर फुगू लागतात. अशा फुगू लागलेल्या ताऱ्यास उपराक्षसी तारा म्हणतात, आणि मुफ्रिद हा तसाच आहे.

त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1.7 पट व व्यास सुमारे 2.7 पट आहे. पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,800 अंश सेल्सियस, सूर्याचे 5,500. म्हणजे फरक थोडा. तरी तो सूर्याच्या नऊपट प्रकाश देतो. वाचकांनी हिशेब करून पाहावा: 2.7 चा वर्ग 7.3, इतके पट त्याचे अंग मोठे. उरलेले त्या थोड्या अधिक उष्णतेचे. 1995 साली डेन्मार्क व ऑस्ट्रेलिया येथील शास्त्रज्ञांना तो तारा सूक्ष्म स्पंदने पावत असल्याची चिन्हे आढळली, व पुढील वेधांनी त्यास पुष्टी मिळाली. कुंभार मडके वाजवून त्याची परीक्षा करितो, तशी त्या स्पंदनांवरून ताऱ्याच्या पोटाची परीक्षा होते. अंतर 37 प्रकाशवर्षे. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा आजचे सदतीस वर्षांचे गृहस्थ पाळण्यात होते.

मौज अशी की, स्वातीही आपणांपासून जवळजवळ तितकीच दूर आहे, व तिचे वस्तुमान सूर्याहून थोडेसेच अधिक. परंतु ती पुढच्या मुक्कामास पोहोचली आहे: व्यास सूर्याच्या सुमारे 25 पट, प्रकाश सुमारे 170 पट, आणि अंग थंडावून 4,000 अंशांवर आलेले. मुफ्रिद वयाने सूर्याहून लहान असूनही पुढे गेला, कारण जड तारा आपले सरपण झपाट्याने जाळतो.

सूर्याचे वय सुमारे 460 कोटी वर्षे आहे. गाभ्यातील सरपण आणखी सुमारे 500 कोटी वर्षे पुरेल. पुढे तो मुफ्रिदासारखा फुगेल, मग स्वातीसारखा. परंतु तोवरही तो आजच्यासारखा राहणार नाही. दर शंभर कोटी वर्षांत त्याचे तेज सुमारे दहाव्या हिश्शाने वाढते, आणि अजून सुमारे शंभर कोटी वर्षांनी पृथ्वीवरील समुद्र टिकणे कठीण होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पुढल्या खेपेस आम्ही हे त्या तांडेलास सांगितले. तो बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला.

"म्हणजे सरपण उरेल नि पाणी आधी जाईल?"

आम्ही म्हणालो, होय, तसेच.