दूरदेशी शिकवावयास जाण्यापूर्वी : पूर्ण स्थविरांचा धडा

आपल्या भिवंडी तालुक्यातील पूर्णा गावाचे नाव घेताच पूर्ण स्थविरांचे स्मरण होते; नामसाम्य एवढेच त्याचे निमित्त. अट्ठकथेनुसार ते सुनापरान्तातील सुप्पारकचे, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचे. तेथील स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खननाने उजेडात आणला.

मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात पूर्णांच्या प्रस्थानाची कथा आहे. सुनापरान्तात राहण्यास निघालेल्या पूर्णांना तथागतांनी विद्वत्तेविषयी काही विचारले नाही. तेथील लोक कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर? हाताने मारले तर? ढेकळांनी, काठीने, शस्त्राने मारले तर? प्रत्येक वेळी पूर्ण म्हणाले, याहून अधिक इजा केली नाही, हा त्यांचा चांगुलपणाच मानीन. प्राण घेतले तर, या अखेरच्या प्रश्नानेही ते विचलित झाले नाहीत. हा संयम पाहून तथागतांनी अनुमती दिली. त्याच वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आल्या.

आज परदेशी विनावेतन शिकवण्यास निघणाऱ्याने पासपोर्ट, व्हिसा, लसीकरण आणि तेथील भाषा यांची तयारी करावीच. परंतु मुले ऐकणार नाहीत, कोणी आभार मानणार नाही, घरी आई आजारी पडेल, तेव्हा आपले मन काय उत्तर देईल, हेही निघण्यापूर्वी तपासावे. उपकार करावयास गेलेल्याला पहिला अपमानच माघारी धाडतो.

चिंतनासाठी : आपणांस सर्वांत जड जाईल असा प्रश्न कोणता? तो आज घरातील वडीलधाऱ्यांकडून स्वतःस विचारून घ्यावा.