यान ऐकत नाही? आधी बटणांवरून हात काढा!

कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा गेम २०११ साली आला. यात रॉकेट बांधायचं, उडवायचं आणि बहुतेक वेळा पाडायचं! हॉस्टेलवर कुणी 'यान ऐकतच नाही' म्हणून ओरडलं, की मी तीनच प्रश्न विचारतो.

१. हुकूम पोचतोय का?
बॅटरी शून्यावर आली की मानवरहित यानाचा मेंदूच बंद पडतो. मग मिटलेले सोलर पॅनेलही उघडत नाहीत. म्हणून एक तरी न मिटणारं पॅनेल आधीच लावावं. चार्ज आहे, पण यान चंद्राआड जाऊन संपर्क तुटलाय? मग ते बाहेर येईपर्यंत थांबा.

२. जोर आहे का?
रिअॅक्शन व्हील विजेवर चालतं. अवजड यानाला एक व्हील पुरत नाही. अशा वेळी आरसीएसचे छोटे थ्रस्टर्स वापरा. पण ते वस्तुमानमध्यापासून लांब बसवलेले हवेत. मेकॅनिक्समधला मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, तो हाच!

३. दिशा बरोबर आहे का?
'कंट्रोल फ्रॉम हिअर' चुकून बाजूच्या डॉकिंग पोर्टवर दिलं असेल, तर यान वेगळंच तोंड 'पुढे' समजतं. वातावरणात रॉकेट उलटत असेल तर खाली फिन्स लावा आणि वजन वरच्या बाजूला ठेवा.

यान गरगर फिरत असेल तर गेममध्ये टाइम वार्प केला की गिरकी थांबते. खऱ्या अंतराळात ही सोय नाही. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी-८ हे यान अजेना यानाला जोडलेलं असताना फिरू लागलं. संशय अजेनावर गेला. ती सोडवली, तर वेग आणखी वाढला, सेकंदाला सुमारे एक फेरा! दोष जेमिनीतच होता. नील आर्मस्ट्राँगने नेहमीची थ्रस्टर यंत्रणा बंद केली आणि परतीसाठी राखलेल्या थ्रस्टर्सनी यान सावरलं. मग एकेक थ्रस्टर तपासल्यावर आठव्या क्रमांकाचा दोषी सापडला. राखीव यंत्रणा वापरल्यामुळे मोहीम लवकर आटोपावी लागली, पण आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट सुखरूप परतले.

सगळं बंद करा, मग एकेक चालू करून बघा. लॅबमधलं सर्किट असो की यान, दोष शोधायची रीत हीच. घाबरून दहा बटणं दाबली, तर मूळ दोष कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे कळणार कसं?