रानवाटेवरील वाहन आणि बारा व्होल्टची जोडणी

कुळे गावाहून दूधसागर धबधब्याकडे निघालेली जीप अभयारण्यातील वाटेवर प्रवाहाच्या पाण्यात उतरते, दगडगोट्यांवर हेलकावे खात पलीकडचा काठ चढते आणि पुन्हा लाल धुळीस लागते. सह्याद्रीतील अशा वाटांनी वाहन नेणाऱ्यांजवळ मूळ गाडीबरोबर न आलेली बरीच साधने आता असतात. चाकात हवा भरण्याचा पंप, प्रखर झोताचे दिवे, शीतपेटी, बिनतारी संच ही सारी बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतात. साधन विकत घेताना त्याची जेवढी चौकशी होते, तेवढी ते बॅटरीस जोडणाऱ्या प्लगची होत नाही. ऐन रानात पंप किंवा बिनतारी संच मुका होतो, तेव्हा दोष मात्र पुष्कळदा या प्लगपाशीच सापडतो.

डॅशबोर्डवरील ज्या गोल सॉकेटात आज मोबाइलचा चार्जर खोचला जातो, त्याचा जन्म सिगारेट पेटविण्यासाठी झाला. सुमारे २१ मिलिमीटर व्यासाच्या त्या नळीत तारेची गुंडाळी काही सेकंद तापावी आणि लाल होताच सुटून बाहेर यावी, एवढीच मूळ योजना होती. बाहेर येणाऱ्या वस्तूसाठी केलेल्या या जागेवर तासन्‌तास प्लग धरून ठेवण्याची जबाबदारी पुढे येऊन पडली. प्लगच्या टोकाशी असलेली स्प्रिंग धन टोकाशी संपर्क साधते हे खरे. परंतु तीच स्प्रिंग प्लगला बाहेरही ढकलीत असते. त्याला अडवून धरतात त्या केवळ बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या. डांबरी रस्त्यावर हे निभते. खडकाळ वाटेवर प्रत्येक हादऱ्यासरशी प्लग केसभर मागे सरकतो.

संपर्क सैल झाला की रोध वाढतो. १२० वॅटचा पंप १० अँपियर प्रवाह घेतो. संपर्काचा रोध ०.२ ओहम जरी झाला, तरी २ व्होल्टचा दाब तेथेच खर्ची पडतो आणि सुमारे २० वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत निर्माण होते. प्लॅस्टिक मऊ पडते, पट्ट्यांचा ताण उतरतो, संपर्क अधिकच सैल होतो. शीतपेटीची कथा निराळी आहे. बॅटरी पुरती रिकामी होऊ नये म्हणून दाब उतरताच तिचा कॉम्प्रेसर आपणहून थांबतो. बॅटरी भरलेली असूनही पेटी बंद पडते, आणि धनी बिचारा नवी बॅटरी घेऊन येतो!

म्हणून प्लगची निवड प्रवाहावरून करावयास हवी. चार्जरसारख्या दोन-चार अँपियरच्या साधनास डॅशबोर्डवरील सॉकेट पुरेसे आहे. याहून थोडे अधिक हवे असल्यास १२ मिलिमीटर व्यासाचे लहान सॉकेट बरे; युरोपीय मोटारसायकली व ट्रॅक्टर यांवर ते आढळते, आणि त्यातील प्लग अधिक घट्ट बसतो. पंप व शीतपेटी यांसाठी मात्र अँडरसन जातीचा चपटा प्लग घ्यावा. त्यात नर-मादी असा भेद नसतो. एकाच आकाराचे दोन तुकडे एकमेकांसमोर उलटे धरले की जुळतात. आतील चपट्या पट्ट्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत बसतात, त्यामुळे जोडताना पृष्ठभागही स्वच्छ होतो. ऑस्ट्रेलियात गाडीमागे निवासगाडी ओढणारे लोक ५० अँपियरचा हा प्लग सर्रास वापरतात. त्याची उणीव एकच, की तो जलरोधक नाही. त्यास रबरी टोपण हवे. बंपरवरील दिव्यांसाठी प्रत्येक तारेभोवती रबराचे कडे असलेले डॉइच जातीचे जोड योग्य ठरतात; त्यांच्या नेहमीच्या मापात एका पिनेस १३ अँपियरची मर्यादा असते. गाडी ओढून काढणाऱ्या विंचचा प्रवाह शेकडो अँपियरचा असतो, त्यामुळे तो या कोणत्याही प्लगवर चालविण्याचा विचारही करू नये. लष्कराकडून विकत घेतलेल्या जुन्या वाहनांपैकी काहींत २४ व्होल्टची योजना असते. तेथे आधी मीटर लावून पाहावे.

उत्तम प्लगही वाईट तारेने वाया जातो. बॅटरीपासून ५ मीटर मागे असलेल्या पेटीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर तार लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १० अँपियरला सुमारे ०.७ व्होल्ट दाब गळतो. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो ०.३ व्होल्टच्या आत राहतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर कळकते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक का ठेवीत नाहीत, हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना कथिलाचा मुलामा दिलेली तार का घ्यावी हे सांगावे लागू नये. तारेचे टोक योग्य पकडीने दाबून बसवावे आणि हाताने ओढून पाहावे. नुसत्या सोल्डरवर भिस्त ठेवू नये. सोल्डर तारेच्या बटात शिरून ती ताठ करते, आणि जेथे ताठरपणा संपतो तेथेच ती हादऱ्यांनी तुटते.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असावा. तो साधनाच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी आहे, हे बरेच जण विसरतात. फ्यूज मागे पेटीजवळ बसविला आणि मधली तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सारा प्रवाह त्या तारेतून धावेल व गाडी पेट घेईल. पत्र्यातून तार नेताना छिद्रात रबरी कडे बसवावे.

नवी जोडणी केल्यावर रानात जाण्यापूर्वी घराच्या अंगणातच अर्धा तास साधन चालवून, मग ते बंद करून प्लग हाती धरून पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर तो प्लग त्याच दिवशी काढून टाकावा.