रोख साहाय्य आणि व्यक्तिगत सेवा

10 जून 2023 रोजी जबलपूर येथील समारंभात मध्य प्रदेश शासनाने ‘लाडली बहना’ योजनेचा पहिला हप्ता वितरित केला. राज्यातील सुमारे सव्वा कोटी स्त्रियांच्या बँक-खात्यांत प्रत्येकी 1000 रुपये जमा झाले. त्याच वर्षी ही रक्कम 1250 करण्यात आली. इतक्या जणींपर्यंत इतक्या त्वरेने पोहोचणे अन्य कल्याणकारी उपक्रमांना क्वचितच साधते. वय, उत्पन्न व वैवाहिक स्थिती एकदा कागदोपत्री सिद्ध झाली की कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, आणि पैसा कशावर खर्च करावा हे ती स्त्री स्वतः ठरवू शकते.

व्यक्तिगत सेवांचे स्वरूप याहून सर्वस्वी भिन्न आहे. (‘व्यक्तिगत समाजसेवा’ म्हटले की मराठी वाचकाला एखाद्या सज्जनाचे परोपकारी कार्य आठवते, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.) 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत आरंभ झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना पाहा. अंगणवाडीत दोन मुलांचे वजन सारखेच कमी भरते. परंतु एकाला पुरेसा आहार मिळत नसतो, तर दुसरे वारंवार हगवणीने आजारी पडत असते. हा भेद ओळखण्यासाठी घरी जावे लागते, आईशी बोलावे लागते. रोख रकमेच्या बाबतीत पात्रता ठरली की काम बहुतांशी संपते. येथे ते तेव्हा सुरू होते. अर्थात जिथे निर्णय माणसाच्या हाती असतो, तिथे पक्षपातालाही वाव असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ब्रिटनमध्ये सीबोम समितीच्या 1968 च्या अहवालानंतर, 1970 च्या कायद्याने अशा सेवा स्थानिक संस्थांच्या एकाच विभागाखाली आणण्यात आल्या. रोख लाभ मात्र केंद्र शासनाकडेच राहिले.

आपल्याकडे वृद्धांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा मासिक वाटा 1995 मध्ये 75 रुपये होता. पुढे तो 200 झाला. राज्ये त्यात आपली भर घालतात. तथापि अंथरुणाला खिळलेल्या एकाकी वृद्धेला स्नान घालणारे मनुष्य त्या रकमेत मिळत नाही. किंबहुना, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनासे झाले, की खात्यात जमा झालेला पैसा हाती पडण्यासाठीसुद्धा तिला कोणाच्या तरी सोबतीने बँकेची पायरी चढावी लागते.