आईचे मूत्रपिंड परके कसे?

मूत्रपिंडरोपण झालेले एक गृहस्थ परवा दवाखान्यात आले. शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली, प्रकृती ठणठणीत. म्हणाले, "डॉक्टर, आता या गोळ्या बंद करू का? मूत्रपिंड आईचेच आहे, परके थोडेच?" त्यांना मी अमेरिकेच्या डॉ. जोसेफ मरे यांची हकिकत सांगितली.

दुसऱ्या महायुद्धात मरे लष्करी इस्पितळात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करीत. दुसऱ्याची त्वचा लावली, की काही दिवसांनी ती गळून पडे. असे का होते, याचा ध्यास त्यांनी घेतला. जंतूंशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी परक्या अवयवालाही शत्रूच समजतात. दाता जितका दूरचा, तितका हा विरोध तीव्र. एकसारख्या जुळ्यांत मात्र तो नसतो.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसविले. आधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून खात्री करून घेतली होती. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला.

पण असा जुळा भाऊ कितीजणांना असतो? म्हणून मरे यांनी रोगप्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांकडे लक्ष वळविले. अ‍ॅझाथायोप्रिन या औषधाच्या साहाय्याने १९६२ मध्ये त्यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड यशस्वीरीत्या बसविले. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पुढे सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही अधिक प्रभावी औषधे आली.

आता आईचे पाहू. आपल्यातील निम्मे गुणधर्म आईचे, निम्मे वडिलांचे. म्हणजे आईचे मूत्रपिंडही शरीराला अर्धे परकेच! माया पेशींना कळत नाही.

म्हणून रोपण झालेल्यांनी एवढे पाळावे:

१) गोळ्या ठरल्या वेळी घ्याव्यात, स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करू नयेत.

२) वेदनाशामक गोळ्या, काढे, जडीबुटी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

३) ताप, लघवी कमी होणे, पायांवर सूज, वजन एकाएकी वाढणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

४) त्रास नसला तरी रक्ततपासणी चुकवू नये. सुरुवातीचा बिघाड बहुधा तपासणीतच कळतो.

गृहस्थ निघताना म्हणाले, "आईने एवढे दिले, मग गोळ्यांचा कंटाळा कसला?" वाचकहो, दात्याचे ऋण फेडण्याचा हाच खरा मार्ग.